लिंगाधारित छळातून आश्रय मागताना: अर्ज कसा बांधावा आणि तो कुठे चुकतो

नवऱ्यानं किती मारलं, याची अर्जात दहा पानं असतात. का मारलं आणि पोलिसांनी काय केलं, याला जेमतेम दोन ओळी. लिंगाधारित छळाच्या आश्रय-अर्जांत ही चूक इतक्यांदा होते, की हा लेख मुख्यतः तिच्यासाठीच लिहिला आहे.

त्रास किती गंभीर होता हे आश्रयाचा कायदा पाहतोच, पण तेवढ्यानं त्याचं भागत नाही. त्रास कोणत्या कारणानं झाला, तिथल्या सरकारनं वाचवलं का, आणि परत गेल्यास पुन्हा काय होईल, याची उत्तरं त्याला अर्जात लिहिलेली हवी असतात. ती अधिकाऱ्यानं स्वतः शोधून काढावीत अशी अपेक्षा ठेवू नका.

हा लेख अर्ज करणाऱ्या बाईसाठी आहे, तसाच तिच्याशेजारी बसून कागद लावणाऱ्या मैत्रिणीसाठी, नातेवाइकासाठी आणि स्वयंसेवकासाठीही आहे. समलैंगिक आणि पारलिंगी व्यक्तींना यातलं जवळपास सगळं लागू पडतं. देशादेशांचे नियम वेगळे असतात, त्यामुळे वकील हवाच. त्याच्याकडे जाताना हातात काय असावं, ते इथे आहे.

## टप्पा १: मुदत, वकील आणि स्वतःची वेगळी फाइल

पहिल्या दिवशी एकच गोष्ट विचारा: अर्जाची शेवटची तारीख कोणती? अमेरिकेत १९९६ च्या कायद्यापासून देशात आल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. परिस्थिती बदलली असेल किंवा आजारपणासारखं असाधारण कारण असेल तर सवलत मिळू शकते, पण ती मागावी लागते आणि सिद्ध करावी लागते. इतर अनेक देशांत अशी ठरावीक मुदत नाही. तरीही ‘इतके महिने गप्प का होतात?’ हा प्रश्न मुलाखतीत हमखास येतो. उशीर झालाच असेल तर त्याचं कारण अर्जातच लिहा.

वकील परवानाधारक आहे का, ते त्या देशाच्या वकील-नोंदणीत तपासा. ‘अमुक गोष्ट सांगितली की हमखास मंजूर होतं’ असं सांगणाऱ्या एजंटापासून लांब राहा. त्यानं रचलेली एक खोटी ओळ सापडली की तुमच्या खऱ्या शंभर ओळींवरचा विश्वास उडतो. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. जे दाखल होईल त्याची प्रत त्याच दिवशी मागून घ्या.

आता फाइलबद्दल. कुटुंब एकत्र आलं असेल तर अर्ज बहुतेकदा नवऱ्याच्या नावानं होतो आणि बायको त्यात अवलंबित म्हणून जोडली जाते. मुलाखत त्याची होते, हिला कोणी काही विचारत नाही. बाईला स्वतःच्या कारणांवर स्वतंत्र अर्ज करता येतो आणि तिचं म्हणणं नवऱ्याच्या गैरहजेरीत ऐकलं जावं, अशी मागणीही करता येते. छळ नवऱ्याकडून किंवा सासरकडून असेल तर वेगळी फाइल अत्यावश्यक आहे. मुलीला खतन्याची, म्हणजे जननेंद्रिय कापण्याच्या प्रथेची, किंवा जबरदस्तीच्या लग्नाची भीती असेल तर तिचंही कारण स्वतंत्र असतं. ते आईच्या अर्जाच्या तळाशी एका वाक्यात गाडू नका.

सावधान: अर्ज चालू असताना स्वतःच्या देशाच्या दूतावासात जाऊ नका आणि तिथून पासपोर्टचं नूतनीकरण करून घेऊ नका. ‘ज्या सरकारला घाबरता त्याचंच संरक्षण घेता’ असा अर्थ त्यातून काढला जाऊ शकतो. तिथूनच एखादा कागद आणणं टळत नसेल तर आधी वकिलाला विचारा.

तपासा: फोनचं लोकेशन, ईमेल आणि फोटोंचं खातं घरातल्या कुणाला दिसतं का? पासवर्ड बदलल्याशिवाय पुरावे त्या फोनवर गोळा करू नका.

## टप्पा २: कारण पक्कं करा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे आणि सर्वांत जास्त घाई इथेच होते.

१९५१ चा निर्वासित करार आणि १९६७ चा त्याचा पूरक करार यांत संरक्षणाची पाच कारणं आहेत: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचं सदस्यत्व आणि राजकीय मत. लिंग हा शब्द त्या यादीत नाही. म्हणून ‘मी स्त्री आहे आणि माझ्यावर अत्याचार झाला’ एवढं लिहून अर्ज पूर्ण होत नाही. तो अत्याचार या पाचांपैकी एका तरी कारणाशी बांधावा लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त कार्यालयानं, म्हणजे यूएनएचसीआरनं, २००२ मध्ये लिंगाधारित छळावर मार्गदर्शक सूचना काढल्या. करार लिंगभाव लक्षात घेऊनच वाचायचा असतो, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. दार बंद नाही, पण ते आपण उघडायचं असतं.

बहुतेक अर्ज ‘विशिष्ट सामाजिक गट’ या कारणाखाली जातात. बदलता न येणारं किंवा बदलायला लावू नये असं समान वैशिष्ट्य असलेले, किंवा समाज ज्यांना वेगळा गट म्हणून ओळखतो असे लोक, असा त्याचा ढोबळ अर्थ. यूएनएचसीआरच्या मते या दोहोंपैकी एक पुरेसं आहे. काही देश दोन्ही मागतात, आणि अमेरिकेत गटाच्या सीमा नेमक्या असाव्यात अशी आणखी एक अटही आहे.

न्यायालयांनी हे कारण टप्प्याटप्प्यानं उघडलं. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९३ च्या वॉर्ड प्रकरणात सामाजिक गट कसे ओळखावेत हे सांगताना जन्मजात वैशिष्ट्यांच्या उदाहरणांत लिंगाचा समावेश केला. अमेरिकेत १९९६ च्या कासिंगा प्रकरणात खतन्याच्या भीतीनं टोगोतून पळालेल्या तरुणीला आश्रय मिळाला. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं, १९९९ मध्ये, नवऱ्यांनी घराबाहेर काढलेल्या आणि व्यभिचाराच्या आरोपाची टांगती तलवार असलेल्या दोन पाकिस्तानी स्त्रियांच्या खटल्यात ‘पाकिस्तानातल्या स्त्रिया’ हा सामाजिक गट मान्य केला. युरोपीय संघाच्या न्यायालयानं १६ जानेवारी २०२४ ला एखाद्या देशातल्या सर्वच स्त्रिया असा गट ठरू शकतात असं म्हटलं, आणि ४ ऑक्टोबर २०२४ ला अफगाण स्त्रियांबाबत त्याहून पुढचं पाऊल टाकलं: तालिबानच्या निर्बंधांचा एकत्रित परिणाम हाच छळ आहे आणि स्त्रीचं राष्ट्रीयत्व व लिंग यापलीकडे प्रत्येकीचा वेगळा धोका शोधण्याची गरज नाही.

आपली केस कोणत्या देशात चालणार आहे त्यावर गटाची मांडणी ठरते. अमेरिकेत तर ती काळावरही ठरते. तिथे २०१४ मध्ये ‘नातं सोडून जाऊ न शकणाऱ्या ग्वाटेमालातल्या विवाहित स्त्रिया’ हा गट मान्य झाला, २०१८ मध्ये ॲटर्नी जनरलनी तो निकाल मोडीत काढला, २०२१ मध्ये तो आदेश मागे घेतला गेला आणि २०२५ मध्ये भूमिका पुन्हा कडक झाली. तीन वर्षांपूर्वी एखाद्या मैत्रिणीचा मंजूर झालेला अर्ज समोर ठेवून आपला लिहिणं म्हणूनच धोक्याचं आहे.

गट मांडताना होणारी नेहमीची चूक म्हणजे ‘मारहाण सोसणाऱ्या स्त्रिया’ असा गट करणं. गट छळावरूनच ठरत असेल तर तो ग्राह्य धरत नाहीत, कारण छळाच्या आधीही तो अस्तित्वात असायला हवा. ‘अमुक देशातल्या स्त्रिया’, ‘घरच्यांनी ठरवलेलं लग्न नाकारणाऱ्या अमुक जमातीतल्या मुली’, ‘खतना न झालेल्या अमुक समाजातल्या मुली’ अशी मांडणी टिकते. रुंद गट आधी, अरुंद गट मागोमाग, असे दोन-तीन पर्याय एकाच अर्जात देता येतात.

सामाजिक गटावर थांबूही नका. डोक्यावरचा कपडा नाकारणं, मुलींची शाळा चालवणं, नवऱ्याच्या आज्ञेबाहेर कामाला जाणं याला समोरचे लोक बंड समजत असतील तर ते राजकीय मत ठरू शकतं. धर्मानं नेमून दिलेली भूमिका नाकारली तर धर्म हे कारण येतं. ते मत तुमचं खरंच असायला हवं असंही नाही. ते तुमचंच आहे असं छळ करणाऱ्यानं धरून चाललं, तरी पुरतं. लागू पडणारी सगळी कारणं मांडा.

तपासा: ‘माझ्याऐवजी माझा भाऊ असता तर हेच झालं असतं का?’ या प्रश्नाचं उत्तर दोन वाक्यांत लिहून काढा. तुमच्या अर्जाचा कणा बहुधा त्या दोन वाक्यांत सापडेल.

## टप्पा ३: सरकारनं काय केलं, किंवा का करणार नव्हतं

छळ सैनिकांनी किंवा पोलिसांनी केला असेल तर हा टप्पा सोपा आहे. नवरा, बाप, भाऊ, सासरा किंवा टोळी असेल तर अधिकारी म्हणणार, ‘हा खासगी गुन्हा आहे, पोलिसांकडे जायचं.’ वर आलेल्या १९९९ च्या ब्रिटिश निकालात न्यायाधीश लॉर्ड हॉफमन यांनी यावर एक समीकरण स्वीकारलं: छळ म्हणजे गंभीर इजा अधिक सरकारी संरक्षणाचा अभाव. नवऱ्यानं वैयक्तिक रागातून मारलं असलं, तरी ती स्त्री आहे म्हणून सरकार तिला वाचवत नसेल तर कारणाचा धागा तिथे जुळतो. नवऱ्याच्या मनात काय होतं हे सिद्ध करता आलं नाही तरी अर्ज उभा राहतो, तो या धाग्यावर.

तक्रार केली असेल तर कधी, कुठल्या ठाण्यात, कोणाकडे, त्यांनी काय उत्तर दिलं, कागद दिला का, हे सगळं लिहा. केली नसेल तर का केली नाही, ते लिहा. संरक्षण मिळणारच नाही हे दिसत असताना जीव धोक्यात घालून तक्रार करायलाच हवी, असं कायदा म्हणत नाही. वॉर्ड प्रकरणातही हेच सांगितलं आहे. पण ‘काही उपयोग नव्हता’ हे नुसतं वाक्य पुरत नाही. शेजारणीनं तक्रार केली तेव्हा तिचं काय झालं? ठाण्यातला अधिकारी नवऱ्याच्या नात्यातला होता का? त्या देशात नवऱ्यानं केलेला बलात्कार गुन्हा मानतात का?

सावधान: त्या देशात कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध कायदा असेल तर तो लपवू नका, अधिकाऱ्याकडे तो असतोच. कायदा असूनही तुमच्या गावात तो का चालत नाही, ते दाखवा.

## टप्पा ४: आधी घटनाक्रम, मग जबाब

थेट जबाब लिहायला बसू नका. आधी कागदावर तारखांचा तक्ता करा. नेमकी तारीख आठवत नसेल तर ‘थोरल्या मुलाच्या जन्मानंतर, पावसाळ्यात’ असं लिहा. अंदाजानं तारीख ठोकू नका. पुढे रुग्णालयाच्या कागदावर वेगळी तारीख निघाली की तुम्ही खोटं बोलताय असं वाटतं. तुमच्या देशाचं कॅलेंडर वेगळं असेल तर तारखा एकाच व्यक्तीकडून, एकाच पद्धतीनं बदलून घ्या.

तक्ता व्हिसाच्या अर्जाशी, विमानतळावरच्या पहिल्या जबाबाशी आणि आधीच्या सगळ्या फॉर्मांशी ताडून पाहा. फरक सापडला तर गुपचूप दुरुस्त न करता जबाबात त्याचं कारण द्या.

मग जबाब. समजा, पहिल्या मसुद्यात असं आहे:

*‘नवरा रोज मारायचा. मी खूप सहन केलं. शेवटी असह्य झालं म्हणून पळून आले.’*

यातलं एकही वाक्य खोटं नाही, पण अधिकाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याच बाईला शांतपणे विचारत गेलं तर हे निघतं:

*‘लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी शिलाईचं काम धरलं. पहिली मजुरी घेऊन घरी आले त्या संध्याकाळी नवऱ्यानं पैसे हिसकावले. बायको कमवायला लागली तर नवऱ्याला कोण विचारणार, असं म्हणत पट्ट्यानं मारलं. माझं डावं मनगट मोडलं. दोन दिवसांनी मी भावजयीला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या हवालदारानं माझ्यासमोरच नवऱ्याला फोन लावला आणि बायकोला घेऊन जा म्हणाला. तक्रार लिहून घेतली नाही. त्या रात्री नवऱ्यानं मला कोठीत कोंडलं.’*

नवऱ्याच्या तोंडच्या वाक्यात कारण आहे, मोडलेल्या मनगटात इजेचं गांभीर्य आहे आणि हवालदाराच्या फोनमध्ये सरकारचं अपयश आहे. ‘अन्याय’, ‘नरकयातना’ असले शब्द यात नाहीत आणि त्यांची गरजही नाही. अशा तीन-चार घटना सविस्तर द्या, बाकीच्यांचा गोषवारा पुरे. दुसऱ्याच्या जबाबातली वाक्यं मात्र कधीही उचलू नका. एकसारखे जबाब लगेच ओळखू येतात.

सगळ्यात अवघड घटना, बहुतेकदा लैंगिक अत्याचार, शेवटपर्यंत मनात ठेवली जाते आणि अर्ज फेटाळला गेल्यावर बाहेर येते. ती लाज समजण्यासारखी आहे आणि कोणीही त्याबद्दल तुम्हाला बोल लावू नये. तरी ती घटना वकिलाला पहिल्या काही भेटींतच सांगा. तोंडानं जमत नसेल तर कागदावर लिहून द्या. आधीच उशीर झाला असेल तर हिंमत सोडू नका. युरोपीय संघाच्या न्यायालयानं २ डिसेंबर २०१४ च्या निकालात सांगितलं आहे, की लैंगिक कल पहिल्याच संधीला उघड केला नाही, एवढ्यावरून व्यक्ती अविश्वसनीय ठरत नाही.

## टप्पा ५: पुरावे, या क्रमानं

आधी स्वतःचे: ओळखपत्र, लग्नाचा दाखला, मुलांचे दाखले, रुग्णालयाचे कागद, धमकीचे संदेश. संदेशाचा स्क्रीनशॉट घेताना नंबर आणि तारीख दिसू द्या, आणि मूळ संदेश पुसू नका.

मग इतरांचे: बहीण, शेजारीण, शिक्षिका यांची सही केलेली पत्रं. त्यांनी स्वतः काय पाहिलं तेवढंच लिहावं. पत्र लिहिल्यानं त्यांच्या जिवाला धोका होणार असेल तर मागू नका.

त्यानंतर वैद्यकीय आणि मानसोपचार अहवाल. व्रण सांगितलेल्या मारहाणीशी किती जुळतात, हे लिहिण्याची पद्धत संयुक्त राष्ट्रांच्या इस्तंबूल प्रोटोकॉलमध्ये घालून दिली आहे. ती माहीत असलेला डॉक्टर शोधा. धक्क्यामुळे स्मृती तुटक होते, क्रम उलटापालटा होतो. हे मानसोपचारतज्ज्ञानं मुलाखतीआधी लिहून दिलं तर त्याला जे वजन असतं, ते निकालानंतर राहत नाही.

शेवटी देशाची माहिती: सरकारी आणि संयुक्त राष्ट्रांचे अहवाल, मानवी हक्क संघटनांची निरीक्षणं. दोनशे पानं जोडू नका. लागू पडणारे परिच्छेद अधोरेखित करा आणि प्रत्येकाशेजारी तो तुमच्या जबाबातल्या कोणत्या घटनेला आधार देतो ते लिहा.

सावधान: लैंगिक कल सिद्ध करण्यासाठी खासगी क्षणांचे फोटो किंवा व्हिडिओ कधीही देऊ नका. युरोपीय संघाच्या न्यायालयाच्या २०१४ च्या त्याच निकालानं असे पुरावे घ्यायला मनाई केली आहे, कारण ते माणसाच्या प्रतिष्ठेला धक्का देतात.

कागद मिळालाच नाही तरी अर्ज संपत नाही. पळणाऱ्या माणसाकडे कागद नसतात हे कायद्यालाही ठाऊक आहे. जबाब सुसंगत आणि पटणारा असेल तर संशयाचा फायदा अर्जदाराला द्यावा, असं यूएनएचसीआरचं हँडबुक सांगतं. कागद मिळवण्यासाठी काय प्रयत्न केले, तेवढं मात्र नोंदवा.

## टप्पा ६: ‘दुसऱ्या शहरात का नाही गेलात?’

हा प्रश्न येणारच. त्याचे दोन भाग करा. पहिला: छळ करणारा तिथे पोचू शकतो का? मुलांच्या शाळेच्या दाखल्यावरून, नातेवाइकांतून, ओळखपत्राच्या नोंदीतून? दुसरा: तो पोचला नाही तरी एकट्या बाईला तिथे जगता येईल का? पुरुषाच्या सहीशिवाय घर भाड्यानं मिळतं का, काम मिळतं का, तिच्यावर पुन्हा तसाच अत्याचार होण्याची शक्यता किती? समलैंगिक व्यक्तीला ‘लपून राहा’ हे उत्तर देता येत नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये आणि युरोपीय संघाच्या न्यायालयानं २०१३ मध्ये ते नाकारलं आहे.

भीती भविष्याची असते, हे इथे विसरू नका. जबाबाच्या शेवटी ‘परत गेले तर कोण, काय, का करेल’ यावर एक परिच्छेद हवाच. धोका पन्नास टक्क्यांच्या वर असायला हवा असंही नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८७ मध्ये दहा टक्के शक्यतेचं उदाहरण देऊन तेवढी भीतीही सकारण असू शकते असं म्हटलं होतं.

## टप्पा ७: मुलाखत

स्त्री अधिकारी आणि स्त्री दुभाषी हवी, ही मागणी तारीख ठरण्याआधी लेखी द्या. बहुतेक ठिकाणी शक्य असेल तर ती मान्य होते. दुभाषी तुमच्या बोलीचा हवा. तो तुमच्याच गावचा किंवा नवऱ्याच्या ओळखीचा निघाला तर मुलाखत थांबवायला सांगा. मुलांना बाहेर सांभाळायला कुणी तरी न्या. सात वर्षांच्या मुलीसमोर आई खरं बोलू शकत नाही.

प्रश्न कळला नाही तर ‘कळला नाही’, आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ असं म्हणा. अत्याचार आडपडद्यानं सांगितला की दुभाष्याकडून ‘भांडण झालं’ एवढंच नोंदवलं जाण्याचा धोका असतो. म्हणून काय झालं ते एकदा तरी सरळ शब्दांत सांगा. रडू आलं, अंग कापायला लागलं तर विश्रांती मागा. ती दिल्याची नोंदही होऊ द्या.

तपासा: शेवटी नोंद वाचून दाखवायला सांगा. चूक दिसली तर तिथेच दुरुस्त करून घ्या, घरी गेल्यावर लक्षात आली तर वकिलामार्फत त्याच आठवड्यात लेखी कळवा.

## टप्पा ८: निकालानंतर

नकार आला तर आधी अपिलाची तारीख पाहा, कारण ती काही ठिकाणी मोजक्या दिवसांची असते. मग नकाराचं प्रत्येक कारण वेगळ्या कागदावर उतरवा आणि त्यासमोर उत्तर व पुरावा लिहा. ‘कारणाशी संबंध नाही’ असं म्हटलं असेल तर टप्पा २ पुन्हा करा, ‘संरक्षण उपलब्ध आहे’ म्हटलं असेल तर टप्पा ३.

पाच कारणांत केस बसतच नसेल तरी दुसरे मार्ग वकिलाला विचारा. १९८४ च्या छळविरोधी करारानुसार यातनांचा धोका असलेल्या देशात कोणालाही परत पाठवता येत नाही. तिथे वंश-धर्म-गट असं कारण सिद्ध करावं लागत नाही, पण त्या यातनांमागे सरकारी माणसाचा हात किंवा मूकसंमती दाखवावी लागते. युरोपीय संघात दुय्यम संरक्षणाची, म्हणजे निर्वासिताच्या व्याख्येत न बसणाऱ्या पण परत गेल्यास गंभीर इजेचा धोका असणाऱ्यांसाठीच्या संरक्षणाची, तरतूद आहे. अमेरिकेत एक वर्षाची मुदत हुकली असली तरी छळविरोधी कराराखालचा अर्ज करता येतो.

आश्रय मंजूर झाला तर मुलांना बोलावून घेण्याची मुदत लगेच विचारा; काही देशांत ठरावीक काळात अर्ज केल्यास अटी सौम्य असतात. प्रवासासाठी निर्वासितांचं प्रवासपत्र घ्या. जुन्या पासपोर्टवर मायदेशी जाऊन येऊ नका, अगदी आजारी आईला भेटायलासुद्धा, वकिलाला विचारल्याशिवाय नाही. १९५१ च्या निर्वासित कराराच्या पहिल्याच कलमात निर्वासिताचा दर्जा संपण्याची कारणं दिली आहेत आणि आपल्या देशाचं संरक्षण स्वेच्छेनं पुन्हा घेणं हे त्यांतलं पहिलं आहे.